आकडा कमी, आकडा जास्त

आपल्या मंडळात मला बरेच जण ‘डॉक्टर’ म्हणतात. मी औषध देणारी डॉक्टर नाही, शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. केलेली मास्तरीण आहे, हे मी दर गणपतीत सांगते आणि पुढच्या गणपतीपर्यंत ते सगळे विसरतात. आयुष्यभर हार्मोन हा विषय शिकवला, त्यामुळे एका प्रकारचे प्रश्न माझ्याकडे हमखास येतात. ते कधी मोठ्यानं विचारले जात नाहीत. हळदीकुंकवाला ओटी भरता भरता, कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये, नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर रिपोर्टाचा फोटो पाठवून विचारले जातात.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नांचे दोन ठरावीक नमुने झाले आहेत. एक म्हणजे, “मावशी, माझा एएमएच कमी आलाय. आता मूल होणारच नाही का?” आणि दुसरा, बहुधा कुणाच्या तरी सासूबाईंचा, “आमच्या सूनबाईंना इंजेक्शनांनी चोवीस बीजं आली म्हणे! चांगलंच झालं ना?”

पहिल्या प्रश्नातली भीती बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठी असते आणि दुसऱ्यातला आनंदही. दोन्हींच्या मागे एकच विषय आहे: आयव्हीएफच्या औषधांना स्त्रीचं अंडाशय किती प्रतिसाद देतं. या विषयावर आपल्या घरांत बोलणं होत नाही, आणि न बोलल्यामुळे कधी पैसा वाया जातो, कधी मन मोडतं आणि कधी चक्क जिवावर बेततं. म्हणून यंदा संपादकांना म्हटलं, फराळाच्या अंकात हा विषय चालत असेल तर मी लिहिते. ते चालेल म्हणाले. तेव्हा, मंडळी, लाडू बाजूला ठेवून जरा ऐका.

बिनव्याजी ठेव

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तारुण्यापासून पुढे सतत तयार होत राहतात. स्त्रीचं तसं नाही. तिची सगळी स्त्रीबीजं ती जन्माला येतानाच घेऊन येते. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना मुलीच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी ती दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास साधारण पंचवीस हजार आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजारच्या आसपास. ही बँकेतली अशी ठेव आहे की तिच्यावर व्याज नाही आणि तिच्यात भर घालायची सोय नाही.

आता गंमत पाहा. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडणारी बीजं फक्त चारशे-पाचशे. मग बाकीची लाखो जातात कुठे? दर महिन्याला फॉलिकलचा, म्हणजे बीज सांभाळणाऱ्या पाण्याच्या इवल्या पिशव्यांचा, एक जथा वाढायला निघतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं हार्मोन येतं, ते यांचं खाद्य. जथ्यातली एक पिशवी जरा पुढे जाते आणि ती जे इस्ट्रोजेन सोडते त्यामुळे पिट्युटरी हात आखडता घेते. खाद्य कमी पडतं, पुढे गेलेली एकटी तगते आणि बाकीच्या सुकून जातात.

आयव्हीएफमध्ये दिलेली इंजेक्शनं हे खाद्य कमी पडू देत नाहीत. त्यामुळे जी बीजं त्या महिन्यात तशीही मरणारच होती, ती वाचतात आणि वाढतात. म्हणूनच “इंजेक्शनांनी बीजं लवकर संपतात, पाळी लवकर जाते” ही समजूत चुकीची आहे. पुढच्या महिन्यांच्या ठेवीला हात लागत नाही. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी: ज्या महिन्यात जथ्यातच चार पिशव्या आहेत, त्या महिन्यात कितीही औषध टोचलं तरी दहा बीजं मिळणार नाहीत. खाद्य वाढवलं म्हणून तोंडं वाढत नाहीत. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा निम्मा लेख समजेल.

ओल्डहॅम, कोलकाता, परळ

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन ही आपल्या इथलीच, ओल्डहॅमची. जन्म २५ जुलै १९७८. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी आधी औषधं देऊन बरेच प्रयत्न केले होते. यश आलं ते औषधं सोडून दिल्यावर, नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजानं. कमी बीजं म्हणजे हमखास अपयश असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. एक म्हणजे शून्य नव्हे.

त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जींनी उलट वाट धरली होती. त्यांनी इंजेक्शनांनी जास्त बीजं वाढवली, गर्भ गोठवला आणि पुढच्या एका पाळीत तो गर्भाशयात सोडला. त्यांचं म्हणणं सरकारी समितीनं मानलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. याच आनंद कुमारांनी नंतर मुखर्जींची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान असा काढून दुसऱ्याला देणारी माणसं विज्ञानात फार थोडी.

हा इतिहास सांगायचं कारण असं की मुखर्जींनी जे केलं, म्हणजे जास्त बीजं घ्यायची, गर्भ गोठवायचा आणि शरीर शांत झाल्यावर तो परत ठेवायचा, तीच आज जास्त प्रतिसाद देणाऱ्या स्त्रियांसाठी सर्वांत सुरक्षित वाट मानली जाते.

मोजायचं कसं?

उपचाराआधी अंडाशय कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज दोन गोष्टींवरून बांधतात. पहिली म्हणजे सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान फॉलिकलची मोजणी, जिला एएफसी म्हणतात. दुसरी रक्तातली एएमएचची पातळी. हे हार्मोन लहान फॉलिकलमधूनच येतं, म्हणून जथा मोठा तर आकडा मोठा.

इथल्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात हद्दी दिल्या आहेत. दोन्ही अंडाशयांत मिळून चार किंवा त्याहून कमी फॉलिकल दिसली तर प्रतिसाद कमी येण्याची शक्यता, सोळाहून जास्त दिसली तर जास्त. एएमएच ५.४ किंवा त्याखाली असेल तर कमी, २५ किंवा त्यावर असेल तर जास्त.

आणि इथेच आपल्या लोकांची फसगत होते. हे ५.४ आणि २५ आहेत पिकोमोल प्रति लिटर या मापात. पुण्या-मुंबईच्या लॅबचा रिपोर्ट बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. समजा, सुट्टीत गावी गेलेल्या मुलीनं तिथे तपासणी केली आणि एएमएच ३.५ आला. इथे येऊन तिनं इंटरनेटवर ५.४ ही हद्द वाचली आणि रडायला बसली. प्रत्यक्षात ३.५ गुणिले ७.१४ म्हणजे जवळजवळ २५. तिचा आकडा कमी तर नाहीच, उलट ‘जास्त’च्या उंबरठ्यावर आहे! उलटही होतं. इथला ७ हा आकडा गावच्या नातेवाइकांना भरघोस वाटतो, पण त्यांच्या मापात तो एकच्याही किंचित खाली असतो. पहिल्या मुलीला कुणी कमी प्रतिसादवाली समजून औषधाचा मोठा डोस दिला तर काय होईल, ते पुढे सांगते. म्हणून रिपोर्ट दाखवताना आकड्यासोबत माप नेहमी सांगा. आकडा बघण्याआधी माप बघायचं, हे मी प्रयोगशाळेत दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत असे. ते इथेही लागू.

आणखी एक. एएमएच बीजांची संख्या सांगतो, गुणवत्ता नाही. गुणवत्ता मुख्यतः वयावर असते. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रिया पाहिल्या. एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. ते पटण्यासारखं आहे, कारण नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एकच बीज लागतं. म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या अविवाहित मुलीनं गंमत म्हणून एएमएच तपासून घ्यायचा आणि मग आईवडिलांनी घाईघाईनं स्थळं बघायला लागायचं, याला शास्त्रात आधार नाही.

चोवीस बीजं : आनंद की धोका?

एका फेरीत चार ते पंधरा बीजं मिळाली तर साधारण योग्य प्रतिसाद म्हणतात. तीन किंवा कमी म्हणजे कमी प्रतिसाद. पंधराच्या वर, काहींच्या मते अठरा-वीसच्या वर, जास्त. ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त आयव्हीएफ फेऱ्यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला. बीजांची संख्या पंधरापर्यंत वाढत जाते तशी मूल होण्याची शक्यता वाढते, पंधरा ते वीस दरम्यान ती स्थिरावते आणि विसानंतर घटू लागते. हे त्याच महिन्यात गर्भ ठेवण्याबद्दलचं आहे, पण मुद्दा स्पष्ट आहे. जास्त म्हणजे चांगलंच, असं नाही. आमटीत मीठ पुरेसं हवं, भरपूर नको.

जास्त प्रतिसाद प्रामुख्यानं कमी वयाच्या, एएमएच जास्त असलेल्या आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांत दिसतो. पीसीओएस आपल्या दक्षिण आशियाई मुलींत बराच आढळतो, म्हणून हा भाग आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा. धोक्याचं नाव ओएचएसएस, म्हणजे अंडाशय गरजेपेक्षा जास्त चेतवलं जाणं. इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या म्हणण्याप्रमाणे सौम्य त्रास सुमारे एक तृतीयांश फेऱ्यांत होऊ शकतो, मध्यम किंवा तीव्र त्रास साधारण ३ ते ८ टक्क्यांत.

होतं काय, ते सांगते. बीजं पक्व व्हावीत म्हणून शेवटी एक इंजेक्शन देतात, त्याला ट्रिगर म्हणतात. परंपरेनं ते एचसीजी या हार्मोनचं असतं. ते शरीरात कित्येक दिवस टिकतं. वीस-पंचवीस फॉलिकलवर त्याचा मारा झाला की ती व्हीईजीएफ नावाचं द्रव्य भरमसाट सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात. रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, कधी फुप्फुसाभोवतीही. पोट फुगतं, पण रक्तवाहिन्यांत मात्र पाणी कमी पडतं. रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यात दिवस गेले तर गर्भ स्वतःच एचसीजी बनवतो आणि आगीत तेल पडतं. म्हणून हा त्रास दोनदा गाठू शकतो: ट्रिगरनंतर पहिल्या आठवड्यात, किंवा दहा दिवसांनंतर, गर्भ रुजल्यावर.

दिलासा देणारी गोष्ट अशी की हा धोका आज बऱ्याच अंशी टाळता येतो. त्याच्या चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे सुरुवातीपासून बेताचा डोस. दुसरी, अँटागोनिस्ट पद्धत. हिच्यात बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून दिलेलं औषध असं असतं की ट्रिगरसाठी एचसीजी सोडून दुसरा पर्याय उपलब्ध राहतो. तिसरी वाट तोच पर्याय, जीएनआरएच ॲगोनिस्टचा ट्रिगर. तो पिट्युटरीतलं स्वतःचं हार्मोन थोड्या वेळापुरतं बाहेर काढतो आणि दीड-दोन दिवसांत सगळं ओसरतं. चौथी वाट म्हणजे सगळे गर्भ गोठवून ठेवायचे आणि एक-दोन महिन्यांनी, अंडाशय मूळ आकाराला आल्यावर, एक ठेवायचा. चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १५०८ स्त्रियांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताजा गर्भ ठेवलेल्यांत ओएचएसएस ७.१ टक्के होता, गोठवलेला ठेवलेल्यांत १.३ टक्के. आणि पहिल्या प्रयत्नात मूल होण्याचं प्रमाण गोठवलेल्यांत जास्त होतं: ४९.३ विरुद्ध ४२ टक्के.

तेव्हा डॉक्टरांनी “या महिन्यात गर्भ ठेवायचा नाही” असं सांगितलं तर ते अपयश नव्हे. घरच्यांनी “एवढी इंजेक्शनं घेऊन शेवटी काहीच नाही?” असं म्हणू नये. तिचा जीव सांभाळण्यासाठी घेतलेला तो निर्णय आहे.

घरच्यांनी पाठ करावीत अशी लक्षणं: पोट झपाट्यानं फुगणं आणि दुखणं, सतत उलट्या, लघवी कमी आणि गडद होणं, एक-दोन दिवसांत वजन भराभर वाढणं, धाप लागणं, पोटरी सुजून दुखणं. यातलं काहीही दिसलं तर आपल्या केंद्राच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ रुग्णालय. “गॅस झाला असेल, ओवा खा” म्हणून वेळ घालवू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, कारण मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पाणी तहान लागेल तसं प्यायचं. लिटरच्या लिटर नारळपाणी पाजल्यानं हा त्रास बरा होत नाही.

सुट्टी काढून भारतात उपचार घेणाऱ्यांसाठी खास सूचना. बीजं काढल्यानंतर चार दिवसांनी परतीचं विमान ठेवू नका. तो नेमका त्रास उफाळण्याचा काळ असतो, रक्त घट्ट असतं आणि नऊ-दहा तास एका जागी बसण्यानं गुठळीचा धोका वाढतो. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

तीनच बीजं : पुढे काय?

आता दुसरी बाजू. कमी प्रतिसादाचं सगळ्यांत मोठं कारण वय. त्याखेरीज अंडाशयावरची शस्त्रक्रिया, विशेषतः एंडोमेट्रिऑसिसच्या चॉकलेट सिस्टची, कर्करोगावरचे उपचार, धूम्रपान आणि काही आनुवंशिक कारणं. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीही ब्रिटिश स्त्रियांपेक्षा सरासरी काही वर्षं लवकर येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना केली तेव्हा भारतीय स्त्रियांचं अंडाशय साधारण सहा वर्षांनी पुढे असल्याचं दिसलं. म्हणजे “इथल्या गोऱ्या मैत्रिणींना चाळिशीत मुलं होतात, आपल्याला काय घाई” हा हिशेब आपल्या मुलींनी जपूनच करावा. मी भीती घालत नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर जीपीकडे जावं, एवढंच म्हणते.

कमी प्रतिसाद एकाच प्रकारचा नसतो. जगातल्या काही तज्ज्ञांनी २०१६ मध्ये त्याचे चार गट पाडले, त्याला पोसायडन वर्गीकरण म्हणतात. वय पस्तिशीच्या आत की पुढे, आणि साठा चांगला असूनही प्रतिसाद कमी आला की साठाच कमी आहे, या दोन प्रश्नांची चार उत्तरं. हे वाचताना रुक्ष वाटेल, पण मुलीच्या दृष्टीनं त्यात मोठा अर्थ आहे. बत्तीस वर्षांची, कमी एएमएचची मुलगी आणि त्रेचाळीस वर्षांची, कमी एएमएचची बाई यांना बीजं तीन-तीनच मिळतील, पण पहिलीची तीन बीजं बत्तीस वर्षांची आहेत. तिला कमी बीजांतही चांगली आशा असते. आणि साठा चांगला असून प्रतिसाद कमी आला असेल तर पुढच्या फेरीत डोस किंवा पद्धत बदलून फरक पडू शकतो.

साठाच कमी असेल तेव्हा मात्र डोस चढवत नेण्यात अर्थ नसतो. मघाशी म्हटलं तसं, तोंडं चार तर घासही चार. नेदरलँड्समधल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमिस्ट या चाचणीत फॉलिकलच्या मोजणीप्रमाणे डोस कमीजास्त करून पाहिला. कमी प्रतिसादाची शक्यता असलेल्यांना जास्त डोस दिल्यानं मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, खर्च मात्र वाढला. युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या मार्गदर्शनातही रोज ३०० युनिटच्या वर जाण्याची शिफारस नाही.

मग जोडीला देतात त्या गोष्टींचं काय? डीएचईए, टेस्टोस्टेरॉन, ग्रोथ हार्मोन यांची सरसकट शिफारस करावी इतका पुरावा जमलेला नाही. अंडाशयात रक्तातल्या प्लेटलेट टोचून ‘नवजीवन’ देण्याची जाहिरात आपल्याकडे जोरात असते. तो अजून प्रयोगच आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णानं पैसे मोजू नयेत, असं मी शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून म्हणेन. इथल्या एचएफईए या नियामक संस्थेनं अशा जादा उपचारांना पुराव्याप्रमाणे श्रेणी दिल्या आहेत. पाकीट उघडण्याआधी त्या बघा.

करण्यासारखं काय आहे? सौम्य डोसच्या फेऱ्या, किंवा दोन-तीन फेऱ्यांतले गर्भ गोठवून साठवणं, आणि मुख्य म्हणजे वेळ न दवडणं. आणि आधीच प्रामाणिक हिशेब करणं. दहा बीजं काढली तर साधारण आठ पक्व असतात, पाच-सहा फळतात आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकतात. तीन बीजांतून एकही गर्भ न मिळणं शक्य आहे, हे फेरीच्या आधी माहीत असलं तर नंतरचा घाव जरा सोसता येतो.

इथे एनएचएसचा नियमही माहीत हवा. नाइसच्या त्याच २०१३ च्या मार्गदर्शनात चाळिशीच्या आत तीन पूर्ण फेऱ्या सुचवल्या होत्या. चाळीस ते बेचाळीस वयात एकच, तीही अंडाशयाचा साठा कमी नसेल तर. प्रत्यक्षात अनेक भागांत याहून कमी मिळतं, तेव्हा आपल्या भागाचा नियम जीपीकडून लेखी मागा.

दुसरीचं बीज

काही जोडप्यांपुढे शेवटी दात्या स्त्रीच्या बीजाचा प्रश्न येतो. आपल्या घरांत सर्वांत जास्त कुजबुज इथे होते. दोन देशांचे कायदे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर दान केलेल्या बीजातून जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी दात्याची ओळख मागता येते. भारतात २०२१ च्या कायद्यानं दाती अज्ञात राहते, ती आयुष्यात एकदाच दान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी तिथे पन्नास वर्षांची मर्यादा आहे. ही सातची मर्यादा घालण्यामागे दातीचं शरीर आहे, हे विसरू नये. जास्त प्रतिसादाचा धोका तिलाही असतोच. इथे आपल्या वंशाच्या दात्या कमी मिळतात, म्हणून लोक भारताकडे वळतात. जरूर वळा, पण मुलाला पुढे काय सांगायचं याचा विचार आधी करा. माझं मत विचाराल तर मुलाला खरं सांगावं, लहानपणीच, गोष्ट सांगितल्यासारखं.

घरातल्या माणसांसाठी

आजवर माझ्यापर्यंत आलेले बहुतेक सगळे रिपोर्ट बायकांचे आहेत. नवऱ्याचा रिपोर्ट मागितला तर “त्याचं अजून केलं नाही” असं उत्तर कितीदा तरी मिळतं. वंध्यत्वाच्या सुमारे ३० टक्के प्रकरणांत कारण पुरुषाकडे असतं आणि त्याची तपासणी सर्वांत सोपी, स्वस्त आणि सुईविना होते. ती आधी करा.

सासवांना आणि आयांना, म्हणजे माझ्याच वयाच्या मैत्रिणींना, एक विनंती. कमी एएमएच हा कुणाच्या करिअरचा, उशिरा झोपण्याचा किंवा लग्नाआधीच्या जिमचा परिणाम नाही. ठेव किती मिळाली हे ती आईच्या पोटात असतानाच ठरलं आहे. “तेव्हाच ऐकलं असतंस तर” हे वाक्य खरं असो वा नसो, त्यानं एकही बीज वाढत नाही. त्याऐवजी इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत तिच्या घरी वरणभात पोचवा. आणि ‘गोड बातमी’ विचारू नका. असेल तेव्हा ती स्वतःच सांगेल.

मुलींनो, तुम्ही केंद्रात जाल तेव्हा हे पाच प्रश्न लिहून न्या. माझा एएमएच कुठल्या मापात आहे आणि फॉलिकल किती दिसली? माझा प्रतिसाद कमी येईल की जास्त, आणि त्याप्रमाणे डोस कसा ठरवला? ट्रिगर कुठला देणार? किती बीजं आली तर सगळे गर्भ गोठवाल, आणि किती कमी आली तर फेरी थांबवाल? रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुणाला फोन करू? या पाचांची उत्तरं सरळ मिळाली तर तुम्ही योग्य हातांत आहात. मिळाली नाहीत तर दुसरं मत घ्या, संकोच करू नका.

शेवटी एक मास्तरकी. अंडाशयाच्या परीक्षेत शंभरापैकी शंभर हा निकाल नसतो. बेताचा प्रतिसाद, सुरक्षित शरीर आणि एक चांगला गर्भ एवढं मिळालं तर पुष्कळ. ते मिळालं नाही तरी त्या मुलीची किंमत आणि त्या घराचं घरपण रतीभरही कमी होत नाही. दत्तक मूल असलेली, मूल नसलेली, अशी किती तरी आनंदी घरं आपल्याच मंडळात आहेत. यंदा त्यांच्याकडे फराळाला जाल तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर मनसोक्त गप्पा मारा.

दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.